शायर, फंक आणि सेकंड शिफ्ट

दोघांच्या बँडचा एक मोठा प्रॉब्लेम असतो. मतदान घेतलं तर निकाल कायम १-१! तरीही मुंबईच्या ‘शायर अँड फंक’ने चार वर्षांत तीन अल्बम काढले : २००७ मध्ये ‘न्यू डे : द लव्ह अल्बम’, २००८ मध्ये ‘लाइट ट्राइब’, २०१० मध्ये ‘मँटिस’.

शायर म्हणजे मोनिका डोगरा, अमेरिकेत वाढून मुंबईत आलेली. फंक म्हणजे रँडॉल्फ कोरिया. हा विशाल दादलानीच्या ‘पेंटाग्राम’चा गिटारिस्ट. पेंटाग्राम २००५ मध्ये इंग्लंडला ग्लास्टनबरी फेस्टिव्हलमध्ये वाजवून आलेला, म्हणजे पठ्ठ्याचं तसं छान चाललं होतं. मग हा उद्योग कशाला? ऐकलं की कळतं. एक आवाज, एक गिटार, बाकी सगळे इलेक्ट्रॉनिक बीट्स. रॉक म्हणावं तर पाय थिरकतात, डान्स म्हणावं तर गिटार मध्येच चावते.

परवा कोलाडला राफ्टिंगच्या कॅम्पवर याच गाण्यांवरून वाद झाला. आयटीतला एक मित्र, पलंगाखाली गिटार, डोक्यात राजीनामा. ‘पार्टटाइम म्युझिक म्हणजे टाइमपास रे,’ असं त्याचं म्हणणं. मी समोरची कुंडलिका दाखवली. भिऱ्याला वीज करून झाली की सकाळी पाणी सोडतात, त्यावर आपलं राफ्टिंग चालतं. नदीसुद्धा आधी ड्युटी करते, मग दंगा!

या दोघांचंही मला तसंच वाटतं. रँडॉल्फने पेंटाग्राम सोडला नाही. २००७ आणि २०११ मध्ये त्यांचेही अल्बम आले. मोनिका २०११ मध्ये किरण रावच्या ‘धोबी घाट’मध्ये दिसली. पोट, नाव, सगळं एकाच बँडवर टांगलेलं नसलं की विचित्र गाणी करायची हिंमत येते.

अर्थात ती ऐकायला जागाही लागते. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ अखेरीस उघडलेलं ब्लूफ्रॉग तशी होती. बँडने स्वतःचीच गाणी वाजवावीत, हा तिथला फंडा. २०१६ मध्ये तेही बंद पडलं. मित्राचा खरा प्रश्न मला इथे दिसतो. नोकरी सोडशील बाबा, पण वाजवशील कुठे?

त्याने अजून राजीनामा दिलेला नाही. गिटारला नव्या तारा मात्र आणल्यात. तुम्ही ऐकणार असाल तर ‘मँटिस’पासून सुरू करा. हेडफोन लावून.