वहिनीसाहेब आणि केडगावच्या बाई

चौफुल्यावरून शिरूरकडे वळलं की न्हावऱ्यापर्यंत जे फ्लेक्स लागतात, त्यांत हल्ली एक गोष्ट हमखास असते. साहेबांच्या शेजारी, जराशा लहान चौकटीत, वहिनीसाहेब. खाली कार्यक्रमही ठरलेला. हळदीकुंकू, आणि त्याला जोडून ‘खेळ पैठणीचा’. टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’चा हा खेळ आपल्या पुढाऱ्यांनी उचलून थेट मतदारसंघात आणला. फुगे फोडा, उखाणे घ्या, पहिल्या नंबरला पैठणी, बाकीच्यांना वाणाचा डबा. मी याला नाक मुरडणार नाही. दिवसभर कांदा काढून आलेल्या बाईला एक संध्याकाळ खुर्चीत बसून हसायला मिळतं, हे कमी नाही. पण वहिनीसाहेब माइक हातात घेतात तेव्हा मी कान देऊन ऐकतो. वाक्य साहेबांपासून सुरू होतं आणि साहेबांपाशीच संपतं.

दौंडला वहिनींचं राजकारण नवं नाही. सुभाष कुल गेल्यावर रंजना कुल आमदार झाल्या आणि 2004 साली पुन्हा निवडून आल्या. 2019 ला लोकसभेसाठी सुप्रिया सुळे यांच्यासमोर उभ्या होत्या कांचन कुल, आमदार राहुल कुल यांच्या पत्नी. 2024 ला तर लढत नणंद-भावजयीची झाली. शिरूर वेगळ्या लोकसभा मतदारसंघात असलं तरी गावपातळीवर तऱ्हा तीच. राखीव जागेवर सरपंच बाई, फलकावर नाव तिचं, खाली मोबाइल नंबर त्याचा. त्या नंबरवर फोन उचलणाऱ्याला आपण ‘सरपंचपती’ म्हणतो आणि त्यात कुणाला हसूही येत नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या बायकोला ‘फर्स्ट लेडी’ म्हणतात. पगार नाही, राज्यघटनेत उल्लेख नाही. म्हणजे आपल्या वहिनीसाहेबच. एलिनॉर रूझवेल्ट 1933 ते 1945 अशी बारा वर्षं त्या जागी होत्या. आल्या आल्या त्यांनी पत्रकार परिषदा सुरू केल्या आणि अट घातली की बाई वार्ताहरांनीच यायचं. मंदीचे दिवस होते, नोकरीवरून आधी बायांना काढायची पद्धत होती. आता व्हाइट हाउसची बातमी हवी तर वर्तमानपत्राला एक तरी बाई ठेवणं भाग पडलं. कृष्णवर्णीय गायिका मेरियन अँडरसनला वॉशिंग्टनमधल्या एका सभागृहाची दारं बंद झाली, तेव्हा त्या सभागृहाच्या मालक असलेल्या बायांच्या संघटनेचा एलिनॉरबाईंनी 1939 साली राजीनामा दिला. झुंडीने माणसं मारण्याविरुद्धच्या कायद्यावर नवरा दक्षिणेतल्या खासदारांची मतं सांभाळत हात राखून होता, तर बायको उघड त्या कायद्याच्या बाजूने. पुढे नवरा गेल्यावर त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. त्याच आयोगात मुंबईच्या हंसा मेहता होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘पुरुष’ असाही अर्थ निघणारा शब्द नको, ‘सर्व माणसं’ म्हणा, असा आग्रह त्यांनी धरला. 1948 च्या मसुद्यात तो टिकला.

व्यासपीठ नवऱ्यामुळे मिळालं म्हणून मी कुठल्याच वहिनींना कमी लेखत नाही. आपल्याकडे पोरालाही ते बापामुळेच मिळतं, त्याला कुणी ‘आमदारपुत्र’ म्हणून घरी बसवत नाही. माझा प्रश्न त्यावर उभं राहून काय मागितलं एवढाच आहे.

आणि व्यासपीठच नसेल तर? त्याचं उत्तर चौफुल्याजवळच, केडगावात आहे.

त्या केडगावच्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांना ना माहेर उरलं होतं, ना सासर. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. भाऊही गेला. 1880 साली जात मोडून एका बंगाली वकिलाशी नोंदणीचं लग्न केलं, दीड-दोन वर्षांत तोही पटकीने गेला. चोविसाव्या वर्षी, पदरात एक मुलगी घेऊन, ही विधवा पुण्यात आली. आल्याच वर्षी, 1882 ला, आर्य महिला समाज काढला आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जाऊन सांगितलं की मुलींना शिकवायला बाई शिक्षक हव्यात आणि बायांना तपासायला बाई डॉक्टर.

1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. त्याच जूनमध्ये 49 वर्षांच्या राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडनी 21 वर्षांच्या मुलीशी व्हाइट हाउसमध्ये लग्न केलं. देश त्या नव्या नवरीच्या फोटोंमागे लागला असताना रमाबाई गावोगाव व्याख्यानं देत हिंडत होत्या. 1887 च्या अखेरीला बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने विधवांच्या शाळेचा दहा वर्षांचा खर्च उचलायचं कबूल केलं. परतल्यावर त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या बायांच्या संघटनांचं त्यांना भारी कौतुक. पण एवढ्या संघटना असून बायांना मत नाही, आणि काळ्यांना, मूळ रहिवाशांना कसं वागवतात, हेही त्यांनी झाकलं नाही. शिरूरला अमेरिका मिशनऱ्यांच्या रूपाने माहीत होती, अमेरिकन मराठी मिशनची उद्योगशाळाच होती तिथे. त्या अमेरिकेला मराठीतून तपासणारी बाई मात्र हीच.

विधवांची ती शाळा, म्हणजे शारदा सदन, 1889 ला मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. केडगावची जमीन त्यांनी घेतली ती सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून, फळबागेसाठी. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन रस्त्याकडेच्या मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, सरकार नव्या मुली शहरात आणू देईना. तेव्हा फळबागेच्या त्या माळावर राहुट्या पडल्या, आणि त्याचंच पुढे मुक्ती मिशन झालं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, गोठा, तेलघाणा, हातमाग, अंध मुलींची शाळा आणि छापखाना. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुली. प्लेगच्या दवाखान्यात बायांची काय दशा होते ते त्यांनी 1897 साली वर्तमानपत्रात पत्र लिहून उघड केलं. गव्हर्नर चिडले, प्रश्न लंडनच्या पार्लमेंटात गेला.

आता अडचणीचा विषय. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या, 1883 ला इंग्लंडमध्ये. शारदा सदनातल्या मुलीही त्या वाटेला लागल्या म्हणून 1893 मध्ये ‘केसरी’ने झोड उठवली, आणि रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. केडगावात तर धर्म हाच संस्थेचा पाया झाला, शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. धर्माच्या बाबतीत पालकांना दिलेला शब्द त्यांनी पूर्ण पाळला असं मला वाटत नाही. पण त्या माळावर पोचलेल्या मुलीला दुसरं कुणी घ्यायला तयार होतं का, याचंही उत्तर टीकाकारांनी द्यायला हवं होतं. आपण दोन्ही प्रश्न टाळले आणि रमाबाईंना तालुक्याच्या अभिमानाच्या यादीतून हळूच वगळून टाकलं. 1989 साली त्यांचं टपाल तिकीट निघालं. आपल्या फ्लेक्सवर मी त्यांना अजून पाहिलेलं नाही.

पुढच्या हळदीकुंकवाला जाल तेव्हा वाण जरूर घ्या. फक्त माइक फिरत आपल्याकडे आला तर उखाण्याआधी एक विचारा: वहिनीसाहेब, साहेबांना न आवडणारी कोणती गोष्ट आमच्यासाठी मागितलीत?

रमाबाईंनी जे मागितलं ते हातात मत नसताना. मुंबई इलाख्यात विधिमंडळासाठी बायांच्या मताला 1921 साली मान्यता मिळाली, तीही मालमत्तेच्या अटीवर, आणि ते मत टाकायची पहिली निवडणूक 1923 मध्ये झाली. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी केडगावात वारल्या.