शिवण बायकांचं काम? कोणी ठरवलं?

मंडळी, स्पष्टच लिहितो. कोणाला राग आला तरी चालेल.

मागच्या आठवड्यात सोफ्याच्या सहा उश्यांना मी स्वतः खोळी शिवल्या. वय ७४, बी.कॉम., बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. इथे इंदूरला आमच्या कॉलनीत ती बातमीच झाली. सकाळी फिरायला भेटणाऱ्या एकाने विचारलं, "क्या भिया, भाभीजी की तबियत ठीक नहीं क्या?" आपले मराठी मित्र तर नुसतेच हसले.

मला सांगा, राजवाड्याच्या आसपास शर्ट-पँट शिवणारे कोण? पुरुष. सोफ्याला कापड चढवणारे कारागीर? पुरुष. संत नामदेव शिंपी कुळातले, त्यांचे अभंग आपण भक्तीने म्हणतो. मग घरातलीच शिवण बायकांची कशी? उत्तर सोपं आहे. पैसे मिळाले की शिवणं पुरुषाचा धंदा, फुकट करायचं असलं की बायकोचं काम!

मीही याच हिशेबाने जगलो. बँकेत पै-पैचा ताळा जुळेपर्यंत उठायचो नाही. पण सौ.ने शिवलेले पडदे, खोळी, मुलांची झबली कुठल्याच वहीत मांडली नाहीत. संध्याकाळी त्याच उश्यांना टेकून चहा मागायचो. आता तिची बोटं आखडतात, सुईत दोरा ओवला जात नाही. मुलाने मोबाइलवरून तयार खोळी मागवल्या, त्या पहिल्याच धुण्यात आटल्या. उशी कोंबताना चेन तुटली.

मग मी तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून ४४ इंच पन्ह्याचं जाड सुती कापड ३ मीटर आणलं. सौ. म्हणाली, "अहो, आधी भिजवून वाळवा, आणि मशीनला तेल घाला." ती खुर्चीत बसून सांगत गेली, मी करत गेलो. उशी १६ इंची चौरस. पुढचा तुकडा १७ बाय १७, मागचे दोन १७ बाय १२. मागच्या दोन्ही तुकड्यांची एकेक लांब कड अर्धा इंच दोनदा दुमडून शिवायची. मग सुलट बाजू आत ठेवून पुढच्या तुकड्यावर ते असे मांडायचे की मध्ये ५ इंच एकमेकांवर येतील. चारी बाजूंनी अर्ध्या इंचावर टीप, कोपरे तिरके कापायचे, उलटवायचं. चेन नको, बटण नको, पाकिटासारखी उशी आत जाते.

पहिली खोळ मी उलटीच शिवली. उसवायला तासभर लागला. तेव्हा कळलं, "तुम्ही घरी असता, शिवायला काय लागतं?" हे वाक्य मी किती सहज बोललो होतो.

"वेळ कुठे आहे?" म्हणणाऱ्या निवृत्त मित्रांनो, मोबाइलवर सुविचार पुढे पाठवायला वेळ आहे ना? गणेशोत्सवात माइक धरून मराठी संस्कृतीवर बोलतो आपण. त्याच वेळी मखराचे पडदे आणि झालरी कोण शिवत असतं?

घरातली जुनी मशीन भंगारात द्यायच्या आधी एक खोळ स्वतः शिवून बघा. बायकोला विचारा, ती शिकवेल. माझी सौ. अजून चौथ्या खोळीच्या वाकड्या टिपेवरून टोमणे मारते. मारू दे, तिचा हक्कच आहे.