औषधांच्या यादीत चालणेही हवे

लिम्फोमाचा रुग्ण स्टेम सेल प्रत्यारोपण करून घरी आला की नातलगांचा प्रेमळ हुकूम सुटतो, ‘उठू नकोस, पडून राहा.’ काळजी खरी, सल्ला मात्र जुना.

जर्मनीतील फर्नांडो दिमेओ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ७० कर्करुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र केमोथेरपी आणि स्वतःच्याच स्टेम सेलचे प्रत्यारोपण सुरू असताना त्यांतील ३३ जणांनी रुग्णालयात खाटेवर आडवे राहूनच रोज अर्धा तास पेडल मारले. एक मिनिट व्यायाम, एक मिनिट विश्रांती. व्यायाम न करणाऱ्या गटाची शारीरिक क्षमता २७ टक्के अधिक घटली. त्यांचा रुग्णालयातला मुक्कामही लांबला.

अंथरुणात स्नायू झपाट्याने झिजतात, मग जिना चढतानाही धाप लागते.

अर्थात, ताप असेल, प्लेटलेट फार उतरल्या असतील किंवा चक्कर येत असेल तर थांबायचे आणि डॉक्टरांना विचारायचे. प्रतिकारशक्ती सावरेपर्यंत गर्दीची व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव टाळायचा. घरातल्या घरात फेऱ्या, खुर्चीतून उठबस एवढ्यावर सुरुवात होते.

म्हणूनच प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राने फिजिओथेरपिस्टला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळांखाली चालण्याची वेळ आणि मिनिटेही लिहून द्यावीत.