बंदुकीआधीची तालीम

दसऱ्याला म्हैसूरच्या राजवाड्यातून सोन्याची अंबारी निघते, तेव्हा मिरवणुकीत कर्नाटक सशस्त्र राखीव पोलिसांचे अश्वदळ दिमाखात चालते. हे दळ म्हैसूर लान्सर्सचा वारसा सांगते. 23 सप्टेंबर 1918 रोजी जोधपूरच्या स्वारांसोबत हैफा जिंकणारे ते हेच लान्सर्स. त्यांची आठवण दरवर्षी निघते आणि निघायलाच हवी. पण घरच्या रयतेपुढे फौज उभी करायची वेळ येते तेव्हा ती कशी असावी, हे हैफा शिकवत नाही. ते शिकायचे तर म्हैसूरच्याच इतिहासात आणखी मागे जावे लागते.

1807 च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने म्हैसूरवर 4000 स्वार कायम बाळगण्याची सक्ती केली. हे स्वार शिलेदार. शब्द आपल्या ओळखीचा आणि पद्धतही: बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा पडला की पोट गेले. त्यात पगार महिनोन्‌महिने थकलेला. 1830 मध्ये म्हैसूरच्या नगर प्रांतातले शेतकरी ‘कूट’ करून, म्हणजे जमाव करून, उभे राहिले. ठरलेला वसूल भरण्याची शर्त अमलदाराने लिहून द्यायची आणि तो रयतेकडून पिळून काढायचा, हे मूळ दुखणे. त्यावर इलाज न करता दरबाराने फौज धाडली. बंड आवरेना, कंपनीच्या पलटणी बोलवाव्या लागल्या आणि 1831 मध्ये कारभारच इंग्रजांनी हाती घेतला. तो परत मिळायला 50 वर्षे लागली.

पुढे सप्टेंबर 1947 मध्ये, देश स्वतंत्र झाला असतानाही जबाबदार राज्यपद्धतीसाठी म्हैसूरकरांना रस्त्यावर यावे लागले. गोळी चालली, रामस्वामी नावाचा विद्यार्थी गेला. म्हैसुरातला रामस्वामी चौक त्याच्याच नावाचा. महिनाभरात दरबार नमला. मग ती गोळी कशासाठी होती?

सैनिकाला आपण शत्रू संपवायला शिकवतो आणि त्यात गैर काही नाही. पण जमावात शत्रू नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 149 दंडाधिकाऱ्याला जमाव पांगवण्यासाठी लष्कर बोलावू देते आणि त्याच दमात बजावते, की बळ कमीत कमी वापरा, माणसांची आणि मालमत्तेची हानी कमीत कमी करा. हे ‘कमीत कमी’ आयत्या वेळी सुचत नाही. ते अंगवळणी पाडावे लागते. डिसेंबर 2021 मध्ये नागालँडच्या ओटिंगजवळ खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर लष्कराच्या निवडक जवानांनी गोळीबार केला. सहा जण जागीच गेले. नेमबाजीत ते जवान कमी नव्हते. समोर कोण आहे हे ओळखण्यात चूक झाली.

गडचिरोलीत 1990 मध्ये उभ्या राहिलेल्या सी-60 पथकाने ही ओळखच पाया धरली. जवान त्याच जिल्ह्यातले, गोंडी-माडिया बोलणारे. या पथकावरही आरोप झाले आहेत आणि त्यांची तड लागलीच पाहिजे. पण गावकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलता येणे हे हत्याराइतकेच मोलाचे, हे तिथे कळले.

इतरत्र काय दिसते? गणेशोत्सव, निवडणूक, मोर्चा, पुन्हा निवडणूक. राज्य राखीव दलाचा जवान व्हॅनच्या बाकावर हेल्मेट उशाला घेऊन तासभर डोळा लावतो आणि पुढच्या गावी उतरतो. दगड भिरभिरत आल्यावर थांबायचे की चाप ओढायचा, हे त्याने त्या अर्धवट झोपेत ठरवायचे. नगरच्या शिलेदाराचा पगार थकला होता, याची झोप थकली आहे.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. राखीव दलाच्या प्रत्येक कंपनीला वर्षातून ठरावीक आठवडे बंदोबस्तातून मोकळे करा आणि त्या तारखा कुठल्याही सभेसाठी मोडू नका. त्या आठवड्यांत कायदा, स्थानिक बोली आणि जमावाला सामोरे जाण्याचा सराव द्या. प्रत्येक गोळीबाराचा चौकशी अहवाल सभागृहापुढे ठेवा आणि तोच पुढच्या तुकडीला शिकवा.