शिंगे न मोडता

वयाने वाढलेल्या माणसाला गप्प बसविण्यासाठी मराठीत जितक्या म्हणी आहेत, तितक्या त्याला उठवून उभे करण्यासाठी नाहीत. त्यांतली सर्वांत धारदार म्हणजे 'शिंगे मोडून वासरांत शिरणे'. दिल्लीतल्या आपल्या मंडळींत पस्तिशी ओलांडलेला कोणी कारकून सायकलच्या शर्यतीत उतरतो असे कळले, की ही म्हण गणेशोत्सवाच्या मांडवापासून कचेरीच्या उपाहारगृहापर्यंत त्याचा पिच्छा पुरविते. मी त्याच वयाचा, त्याच नोकरीतला आणि त्याच छंदाचा. तेव्हा या म्हणीचा एकदा रोखठोक समाचार घेणे मला भाग आहे.

ज्या शर्यतीविषयी मी बोलतो ती मुंबई-पुणे शर्यत नव्हे. बोरघाट चढून 'घाटाचा राजा' म्हणवून घेण्याचे वैभव निराळे. ही शर्यत एक-दोन किलोमीटरच्या बंदिस्त रस्त्यावर फेऱ्या घालून होते. सायकलवाले तिला क्रायटेरियम म्हणतात. अर्धा-पाऊण तास ती घड्याळावर चालते, मग उरलेल्या फेऱ्यांची पाटी लागते आणि अखेरच्या फेरीला घंटा वाजते. मधल्या काही फेऱ्यांना वेगळे इनाम असते. फार मागे पडलेल्यास पंच बाजूला काढतात. प्रत्येक वळणावर वेग उतरतो, वळण सरले की पुन्हा झटक्याने जोर लावावा लागतो. पाऊण तासात असे शंभरेक झटके सहज होतात.

पहिला आक्षेप शरीराचा. तो खोटा नाही. प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता तिशीनंतर सर्वसाधारणपणे दर दशकाला दहा टक्क्यांच्या आसपास घटते. मात्र जो नेटाने कसून व्यायाम करतो, त्याची घसरण पुष्कळ मंद असते. फ्रान्सचे रोबेर मार्शां यांनी २०१४ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, तासाभरात २६.९२७ किलोमीटर सायकल चालविली. दोन वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच विक्रमापेक्षा ती अडीच किलोमीटरहून अधिक होती. अमेरिकेच्या क्रिस्टिन आर्मस्ट्राँग यांनी २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये त्रेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सुवर्णपदक जिंकले. ही माणसे असामान्य खरीच. पण असामान्यांनी दार उघडले म्हणून सामान्यांनी उंबरठ्यावरच बसून राहावे, असा काही नियम नाही.

यावर शहाणे सुचवितात की, झटक्याची ताकद आधी जाते आणि दम नंतर, तेव्हा प्रौढांनी लांब पल्ल्याचा मार्ग धरावा. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु लांब पल्ल्याला लांब रजा लागते, साहाय्यकांचा ताफा लागतो, पैसा लागतो. कारकुनाच्या हाती रविवारची सकाळ असते, आणि तीही बाजारहाट निघण्यापूर्वीची. तेवढ्यात पुरी होणारी, जीव ओतून खेळता येईल अशी हीच शर्यत आहे.

शिवाय हिच्यात नुसत्या मांड्यांचे काम नाही. पुढच्याच्या चाकामागे नीट चिकटून राहिले तर वारा अंगावर न येता पाव हिश्श्याहून अधिक श्रम वाचतात. कोणाच्या मागे राहावे, वळणात कोणती रेघ धरावी, कोणत्या इनामाचा मोह टाळावा, हे विशीतल्या पोराला सहसा ठाऊक नसते. अनुभवाला येथे किंमत आहे. पण ती आपोआप मिळत नाही. कचेरीत दहा, वीस, तीस वर्षे भरली की वरची वेतनश्रेणी सहसा पदरात पडते. येथे ज्येष्ठतेची यादी दर वळणाला नव्याने लागते. सेवाज्येष्ठतेवर वाढलेल्या माणसाला याहून आरोग्यदायक औषध मला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप धोक्याचा. वळणावर एक घसरला की मागचे चौघे त्याच्यावर, आणि कोणाचे तरी गळ्याजवळचे हाड मोडते, हे मान्य. पण धोका टाळायचा म्हणून माणसाला पाठवायचे कोठे? उघड्या रस्त्यावर? इंटेल कंपनीचे भारतातील माजी प्रमुख अवतार सैनी २०२४ च्या फेब्रुवारीत नवी मुंबईत पहाटे सायकल चालवीत असता टॅक्सीच्या धडकेने गेले. ते ६८ वर्षांचे होते. बंदिस्त फेरीत मोटार नसते, समोरून कोणी येत नाही, रुग्णवाहिका हाकेवर उभी असते. शंभर किलोमीटर रस्ता बंद करणे दिल्लीत अशक्य. एक किलोमीटर बंद करणे सहज शक्य.

रस्ते बंद होत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी आपली स्मृती ताडून पाहावी. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत इंडिया गेटच्या परिसरात पुरुषांची १६८ आणि स्त्रियांची ११२ किलोमीटरची शर्यत फेऱ्या घालूनच झाली. गुडगावात नोव्हेंबर २०१३ पासून राहगिरीसाठी रविवारी सकाळी रस्ते मोटारींना बंद झाले, आणि २०१४ साली ते लोण कॅनॉट प्लेसपर्यंत आले. संचलनाच्या तालमीसाठी तर निम्मी नवी दिल्ली थांबते. प्रश्न रस्त्याचा नाही, इच्छेचा आहे.

मला सर्वांत जास्त राग मात्र विरोधकांचा नाही, कनवाळू मंडळींचा आहे. ही मंडळी प्रौढांसाठी 'हौशी फेरी' काढतात. सर्वांना सारखा सदरा, सर्वांना सारखे पदक, शेवटी केळे आणि छायाचित्र. अशा फेऱ्या नवख्यांसाठी जरूर असाव्यात. पण चाळिशीच्या माणसाला त्याखेरीज काहीच द्यायचे नाही, याचा अर्थ त्याला हरण्याच्याही योग्यतेचा न मानणे होय. पंचाने बाजूला काढले तर मान खाली घालावी लागेल, घालू. केळ्याबरोबर मिळालेल्या पदकापेक्षा तो पराभव मला अधिक सन्मानाचा वाटतो.

म्हणून मागणी साधी आहे. पस्तिशीपुढचे, पंचेचाळिशीपुढचे आणि पंचावन्नपुढचे असे गट करा, स्त्रियांचे वेगळे गट ठेवा, आणि थंडीच्या दिवसांत हवा बरी असेल त्या रविवारी एखाद्या वसाहतीतला किलोमीटरभर रस्ता दोन तासांसाठी मागून घ्या. आपल्या मंडळांना नाट्यस्पर्धा आणि पाककृतींच्या स्पर्धा भरविता येतात. तेथे परीक्षकही असतात, क्रमांकही लागतात, आणि वय कोणी विचारीत नाही. पंच, घंटा आणि वैद्य एवढ्यांची सोय करणे त्यांना जड जाऊ नये. गट वयाचा असला म्हणजे कोणालाही शिंगे मोडावी लागत नाहीत, आणि वासरांनाही त्यांचे रान मोकळे राहते. पहिल्या शर्यतीच्या यादीत माझे नाव जन्मतारखेसह घालावे.