नातवाचं दुपटं आणि दुसऱ्याच्या लेकराची गोधडी



दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणी झाली, आणि आमच्या गटातल्या बायकांचे फोन सुरू झाले. "यंदा गोधड्या किती करायच्या?" मी म्हटलं, चौदा. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलेना. मग प्रश्न आला, "अहो, त्या वर्षी तर एक्कावन्न केल्या होत्या ना?"

केल्या होत्या. त्या एक्कावन्न गोधड्यांबद्दलच आज लिहायचं आहे. हे काही जणींना आवडणार नाही, त्यांची आधीच क्षमा मागते. पण माझं मत आता पक्कं झालंय. ज्या कापडाचं दुपटं मी माझ्या नातवाच्या अंगाखाली घालणार नाही, त्या कापडाची गोधडी मी दुसऱ्याच्या लेकराला देणार नाही. मग चौदाच का होईनात.

आपल्याकडे बारशाला बाळंतविडा न्यायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. झबली, टोपरी, कुंची, लंगोट आणि दुपटी. माझ्या मुलीच्या वेळी मी सहा महिने आधीपासून तयारीला लागले होते. सासूबाईंची जुनी सुती पातळं काढली, दोनदा धुतली, उन्हात घातली, गालाला लावून पाहिली. कुठे शिवण टोचते का, कुठे गाठ वर आली आहे का, ते बोटानं चाचपलं. दोऱ्याची गाठ आतल्या थरात लपवली. जरीचा काठ आधी उसवून बाजूला काढला, कारण जर बाळाच्या कातडीला घासते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आपल्या घरातलं बाळ येणार म्हटलं की हात आपोआप तसे चालतात.

लग्नाच्या गोधडीचंही तसंच. लेक सासरी जाताना तिच्या लहानपणच्या फ्रॉकचे तुकडे, माझ्या आईच्या लुगड्याचा पदर, ह्यांच्या धोतराचं अस्तर, असं सगळं जुळवून एक गोधडी दिली. तिच्या घरी पाहुणे आले की ती अजून दाखवते, हा तुकडा कशाचा, तो कशाचा.

आणि एक्कावन्न गोधड्यांच्या वेळी काय केलं? मंदिरात फळ्यावर सूचना लिहिली, "जुन्या साड्या आणून द्याव्यात." आठ दिवसांत ढीग लागला. त्यात सुती साडी दहातली एक. बाकी सगळ्या सिंथेटिक, विरलेल्या, काही न धुतलेल्या, काहींना फॉल तसाच लटकलेला. ज्या साड्या आपण बोहारणीलाही दिल्या नसत्या त्या. आम्ही काय केलं, पाच-पाच साड्या एकावर एक टाकल्या, मशीनवर सरळ रेघा मारल्या आणि कडेला गटाच्या नावाची छापील पट्टी शिवली. तीन आठवड्यांत एक्कावन्न तयार! गोसीखुर्दकडच्या मुलांच्या एका वसतिगृहात कार्यक्रम झाला, मुलांना रांगेत उभं केलं, फोटो निघाले. मीही त्या फोटोत आहे, पुढच्याच ओळीत.

त्या जानेवारीत काही कामानं पुन्हा तिकडे जाणं झालं. धरणाच्या पाण्यावरून वारा येतो तेव्हा पवनी तालुक्यातली थंडी काय असते ते इथल्यांनाच कळेल. नागपूर-गोंदियाचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा आमच्याकडेही काही वेगळं नसतं. मी सहज विचारलं, गोधड्या कशा आहेत? स्वयंपाक करणाऱ्या मावशी आधी बोलेनात. मग हळूच म्हणाल्या, "बाई, रागावू नका. हे धुतलं तं दोन-दोन दिवस वाळत नाई. अन् पोरायले टोचते." बऱ्याचशा गोधड्या तांदळाच्या पोत्यांखाली अंथरल्या होत्या, ओल धरू नये म्हणून. दोन व्हरांड्यात पायपुसणं झाल्या होत्या. आमच्या गटाच्या नावाची पट्टी वरच्या बाजूला होती.

वसतिगृहाचा काही दोष नाही, हे आधी सांगते. त्यांनी त्या वस्तूचा जो उपयोग होण्यासारखा होता तो केला.

तिथेच एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा त्याच्या ट्रंकेजवळ बसला होता. ट्रंकेवर त्याची घरून आणलेली कथरी घडी करून ठेवलेली. एका कोपऱ्याला फाटलेली, ठिगळावर ठिगळ, पण हातानं घातलेला धावदोरा इतका सारखा की मी वाकून पाहिला. रात्री तो तीच घेतो. आमची एक्कावन्नातली एक त्याच्या वाट्याला आली होती, ती त्यानं खाली अंथरली होती.

मी घरी येऊन तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढला. आचार्य उमास्वामींनी तिथे दानाबद्दल जे सांगितलंय ते आपण पर्वात दरवर्षी ऐकतो: दानाचं फळ चार गोष्टींवरून कमी-जास्त होतं. विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. आपण बायका पात्राची चर्चा खूप करतो, कोणाला द्यावं, कोणाला देऊ नये. दात्याची तर फळ्यावर नावंच लिहितो. द्रव्य कसं होतं आणि दिलं कसं, ह्याची चर्चा मी तरी आमच्या गटात कधी ऐकली नव्हती. आदिपुराणात आचार्य जिनसेनांनी चार दत्ती सांगितल्या, त्यात दयादत्ती वेगळी आणि पात्रदत्ती वेगळी. पण दयेनं द्यायचं म्हणजे हलकं द्यायचं, असा अर्थ आपणच कधीतरी काढून घेतला. आणि दशलक्षणात आठव्या दिवशी उत्तम त्याग येतो. कपाट रिकामं करणं ह्याला मी आता त्याग म्हणत नाही. ती साफसफाई, दिवाळीआधी करायची.

गटात हे बोलले तेव्हा एकीनं बरोबर प्रश्न विचारला. बाजारात अडीचशे-तीनशेला ब्लँकेट मिळतं, मग एवढा खटाटोप कशाला? हिशेब मांडायची मला कॉलेजपासूनची खोड, म्हणून वहीत मांडून पाहिलं. मुलाच्या मापाची एक गोधडी म्हणजे साधारण सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. आत एक जुनी मऊ सुती साडी तीन पदरी, खाली-वर नवं सुती कापड मिळून पावणेचार मीटर. कापड-दोरा धरून पाचशेच्या वर जाते. दीड-दीड इंचावर धावदोरा घातला तर तीस ओळी होतात. रोज दोन तास बसले तर मला पंधरा-सोळा दिवस लागतात. मजुरी धरलीच तर ब्लँकेटच्या कितीतरी पट किंमत होईल.

तेव्हा पैशाच्या हिशेबानं ब्लँकेट जिंकतं, हे मान्य करते. उद्या कुठे पूर आला, आग लागली, पन्नास मुलं आज रात्री उघड्यावर आहेत, तर गोधडी शिवत बसणं हा वेडेपणा आहे. सरळ बाजारात जा आणि ब्लँकेटं आणा. यंदा आमच्या गटाचे जे पैसे उरतील त्याची ब्लँकेटंच घेणार आहोत.

पण वसतिगृहात सगळ्यांची ब्लँकेटं एकाच रंगाची, एकाच मापाची, कोपऱ्यात नंबर घातलेली. ताट नंबराचं, पेटी नंबराची. पहिलीतलं पोर पहिल्यांदा आईपासून लांब झोपतं तेव्हा त्याच्याजवळ त्याचं म्हणावं असं काय असतं? त्या मुलाची कथरी पाहिल्यावर हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ज्याच्याकडे घरची कथरी आहे त्याला आमच्या गोधडीची गरजच नव्हती. ज्याच्याकडे नाही, त्याला आहे. आम्ही विचारलंच नव्हतं. रांगेतल्या सगळ्यांना एकेक दिली आणि मोकळ्या झालो.

म्हणून यंदा आधी विचारलं. मावशींनी आणि तिथल्या बाईंनी मिळून सांगितलं, लहान वर्गात चौदा मुलं अशी आहेत की घरून काहीच आणलेलं नाही. चौदा मुलं, चौदा मापं. गोधडीच्या कोपऱ्यात आमच्या गटाचं नाव नाही, मुलाचं नाव, साखळी टाक्यात. ह्यावरून वाद झाला. "नाव नको तर वर्गणी कोण देईल?" असं एक जण म्हणाली, आणि तिचं अगदीच चूक नाही. आपल्यात कीर्तीसाठी दिलेलं दानही दानच धरतात. मग असं ठरलं की वर्गणीची यादी मंदिरात लागेल, पण गोधडीवर काही नको आणि मुलांसोबत फोटो नको. दोघी तेवढ्यावरूनही रुसल्या आहेत.

अमेरिकेत १९९५ पासून प्रोजेक्ट लायनस म्हणून एक काम चालतं, आजारी आणि अडचणीतल्या मुलांसाठी बायका घरी पांघरुणं करून देतात. त्यांची अट एवढीच: नवं, हातानं केलेलं आणि धुता येणारं. मला तिसरी अट सगळ्यांत आवडली. आमच्या एक्कावन्न गोधड्या तिथेच नापास झाल्या होत्या.

धुण्या-वाळवण्याचं आपल्या धर्माशीही नातं आहे, हे थोडं विस्तारानं सांगते. जाड, ओलसर गोधडी म्हणजे जीवोत्पत्तीचं घर. बुरशी आली, ढेकूण झाले, की मग उकळतं पाणी ओता, औषध फवारा, हे आलंच. त्यापेक्षा गोधडी पातळ ठेवावी, पाच थरांच्या वर जाऊ नये. हिवाळ्यातल्या एका दिवसाच्या उन्हात ती वाळली पाहिजे. पंधरा दिवसांतून एकदा दोन्ही बाजूंनी उन्हात घातली तर जीव होतच नाहीत आणि मारायची वेळही येत नाही. पेटीत ठेवताना वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. डांबरगोळ्या मुलांच्या कपड्यांत नकोत.

कोशाच्या साड्यांबद्दलही दरवर्षी विचारणा होते. आपल्या भंडारा जिल्ह्यात कोसा विणला जातो, सुंदर असतो, आणि जुना कोसा गोधडीला मऊ लागतो हे मलाही ठाऊक आहे. पण कोश उकळला की आतला जीव जातो. मी घेत नाही. एका बाईंनी त्यांच्या लग्नातला शालू आणून दिला होता, तो मी हात जोडून परत केला. त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं.

तान्ह्या बाळांसाठी करणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. ह्याच वैनगंगेच्या काठानं खाली गेलं की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना शिकवून घरातच नवजात बाळांची काळजी घेतली. बाळाला ऊब देणं, आईचं दूध, जंतुसंसर्गावर वेळेत औषध, असं सगळं मिळून नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' मासिकात ते छापून आलं. बाळाचं अंग साडेछत्तीस अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते गारठलं असं डॉक्टर मानतात. पहिला दिवसभर आंघोळ नको, बाळ आईच्या अंगाशी हवं. तेव्हा नवजात बाळाला द्यायचं तर टोपरं आणि गुंडाळायला मऊ, पातळ दुपटं द्या. जड गोधडी नको.

हे मला उशिरा समजलं. न्यू जर्सीला नातू झाला तेव्हा मी हौसेनं भरगच्च गोधडी पाठवली. सुनेनं सांगितलं, "आई, इथे डॉक्टर म्हणतात वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात सैल पांघरूण ठेवायचं नाही, तोंडावर येऊ शकतं." मी चार दिवस फोनवर नीट बोलले नाही. मग तिनं व्हिडिओ पाठवला, नातू त्याच गोधडीवर जमिनीवर पालथा पडून हात-पाय मारत होता.

शिवायला आमच्याकडे एक मावशी येतात, त्यांचं मूळ गाव धरणात गेलं. गोसीखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हातून झालं, तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं काढली, फाटे काढले, कौलं काढली. मावशींनी सासूच्या लुगड्यांची कथरी डोक्यावर आणली. ती आता इतकी जुनी झाली आहे की मूळचं लुगडं कुठलं आणि ठिगळ कुठलं ते त्यांनाच सांगता येतं. धावदोऱ्याचा टाका किती लहान हवा ते मी त्यांच्याकडून शिकले. माझे टाके पाहून त्या म्हणाल्या होत्या, "बाई, एवढ्या लांब टाक्यात पोराचं बोट अडकन." मग दोन ओळी उसवल्या.

आता कामाचं. चौदापैकी पाच झाल्या, सहावी चौकटीला आहे. मार्गशीर्ष लागायच्या आत सगळ्या पोचवायच्या आहेत. सुती साड्या असतील तर धुऊन, काठ-फॉल उसवून आणाव्यात. जर, कोसा, सिंथेटिक नको. आणायच्या आधी एकदा गालाला लावून पाहा. ज्यांना शिवायला जमेल त्यांनी दुपारी तीननंतर यावं, सुया आहेत, दोरा आहे. अस्तराचं पांढरं कापड मात्र दोन गोधड्यांपुरतं कमी पडतंय.