हात लागला म्हणून आई टाकत नाही

इंदापूरच्या जुन्या तहसील कचेरीच्या आवारात चिंचांवर चित्रबलाकांची घरटी वर्षानुवर्षे होत आली आहेत. वळवाचा वारा सुटला की त्यातून पिल्लं खाली येतात. पिल्लू पडलं की भोवती दोन पक्ष तयार! एक बजावतो, “शिवू नका, माणसाचा हात लागला की आई घेत नाही.” दुसरा तोवर खोकं आणि दुधाची वाटी घेऊन हजर झालेला असतो.

दोघंही चुकतात.

पक्षी पिल्लाला ओळखतात ते मुख्यतः जागेवरून, आवाजावरून. माणसाच्या हाताचा त्यांना विटाळ नाही. अभ्यासक पिल्लांच्या पायात वाळे घालून त्यांना पुन्हा घरट्यात ठेवतात आणि आईबाप भरवत राहतात. म्हणून पिसं न फुटलेलं बुलबुलाचं पिल्लू घरट्याखाली दिसलं, तर अलगद उचलून परत ठेवावं. पक्षी घरटं सोडतात ते तिथे सतत घुटमळणाऱ्या, फोटोसाठी फांद्या वाकवणाऱ्या माणसांमुळे.

आता खोकंवाले. साळुंकीचं किंवा बुलबुलाचं पिल्लू नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतं. पिसं आलेली असतात, ते टुणटुणत असतं आणि आईबाप जवळच चारा घेऊन थांबलेले असतात. कुत्रं-मांजर दूर ठेवावं, फार तर जवळच्या झुडपात बसवावं आणि लांबून पाहावं.

शिरसुफळ, कडबनवाडीच्या माळावर तर घरटं असं दिसतच नाही. टिटवी खड्यांमध्ये साधारण 4 अंडी घालते. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच धावू लागतात आणि धोका जाणवला की जमिनीला चिकटून बसतात. हेच निपचित पिल्लू बेवारस समजून उचललं जातं, तेव्हा आई डोक्यावरच कोकलत असते. हे वाचवणं नव्हे, पळवणं आहे! वर दुधाची वाटी. पक्ष्याला दूध पचत नाही आणि चोचीत ओतलेलं पाणी श्वासनळीत गेलं तर पिल्लू गुदमरतं.

मग सगळंच निसर्गावर सोडायचं का? तेही नाही. चित्रबलाक पिल्लांना उंचावरच्या घरट्यातच मासे ओकून भरवतो. खाली पडलेल्याकडे तो उतरत नाही. पिल्लाला उडायला सुमारे दोन महिने लागतात, तोवर ते जमिनीवर उपाशी मरेल. झाडावर चढून ते परत ठेवू गेलं तर शेजारच्या घरट्यांतली पिल्लं घाबरून खाली येण्याची भीती. इंदापुरात काय, भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर काय, इथे खोक्याला अर्थ आहे. पण हवा खेळती ठेवलेल्या, सावलीतल्या, आणि वनविभागाचं माणूस येईपर्यंतच. क्रमांक 1926.

पेरणीपूर्वी शेतात अंडी दिसली तर ट्रॅक्टरवाल्याने तेवढा तुकडा चुकवून पाळी घालावी. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मधल्या ‘शिकारी’च्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना नुकसान पोहोचवणं आणि घरटी विस्कटणंही येतं.